रुमी कोण, फिरंगी कोण?

विजापूरच्या शेरझा बुरुजावर ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ आहे. तिच्या तोंडाला जबडा पसरलेल्या सिंहाचा आकार दिलेला असून त्या जबड्यात हत्ती सापडलेला दाखवला आहे. लोक तिला विजापूरची तोफ म्हणून ओळखतात, पण ती ओतली गेली अहमदनगरात, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या अमदानीत. नंतर ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तिथून आदिलशाहीत गेली. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे: महंमद बिन हसन रुमी.

या नावातला शेवटचा शब्द थांबून वाचण्यासारखा आहे. रुमी म्हणजे रूमचा, आणि रूम म्हणजे रोम. निजामशाहीच्या चाकरीतला एक मुसलमान कारागीर स्वतःला ‘रोमचा’ म्हणवतो आणि त्यात त्याला, त्याच्या धन्याला किंवा तो लेख वाचणाऱ्या कुणालाही काही वावगं वाटत नाही. इटलीतल्या रोमशी त्याचा काडीचा संबंध नव्हता; तो तुर्कांच्या मुलखाकडचा. तुर्कांच्या मुलखाला रोमचं नाव कसं मिळालं, हे समजून घ्यायचं तर जवळजवळ हजार वर्षं मागे जावं लागतं. इस्लामचा उदय, त्याच्याशी झुंजलेली ख्रिस्ती साम्राज्यं आणि त्या सगळ्यांनी एकमेकांना दिलेली नावं, असा हा माग आहे.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० साली बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी वसवली, कॉन्स्टँटिनोपल. पश्चिमेकडची रोमन सत्ता ४७६ साली कोसळली, पण ही पूर्वेची राजधानी आणि तिचं साम्राज्य टिकलं. तिथले लोक ग्रीक बोलत, पण स्वतःला म्हणवत ‘ऱ्होमाइओइ’, म्हणजे रोमन. त्यांच्या शेजाऱ्यांनीही तेच नाव उचललं. इराणच्या पहलवी भाषेत ‘ह्रोम’ झालं, सीरियाकडच्या आरामी बोलीत ‘ऱ्होमाये’, आणि अरबीत ‘रूम’. मक्केहून उंटांचे तांडे घेऊन शामच्या, म्हणजे सीरियाच्या बाजारांत जाणाऱ्या व्यापाऱ्याच्या लेखी रूम हे इटलीतलं शहर नव्हतंच. ज्यांच्या चौक्यांवर जकात भरायची आणि ज्यांचं सोनं घेऊन घरी परतायचं, ते राज्य म्हणजे रूम.

कुराणाचा ३०वा अध्यायच ‘अर्-रूम’ या नावाचा आहे. तो सुरू होतो तो एका पराभवाच्या बातमीने: रूमचे लोक जवळच्याच भूमीत हरले आहेत, पण थोड्याच वर्षांत ते पुन्हा जिंकतील आणि त्या दिवशी श्रद्धावंतांना आनंद होईल, असा त्याचा आशय. इराणच्या सासानी सैन्याने ६१४ साली जेरुसलेम घेतलं होतं आणि तिथला पवित्र क्रूस उचलून आपल्या राजधानीत नेला होता, त्या काळाची ही पार्श्वभूमी. परंपरा सांगते की मक्केतल्या मूर्तिपूजकांचा ओढा इराणकडे होता आणि महंमद पैगंबरांच्या मूठभर अनुयायांचा ग्रंथ मानणाऱ्या रूमकडे. सम्राट हेराक्लियसने ६२७ च्या डिसेंबरात निनेव्हेजवळ इराण्यांना हरवलं आणि क्रूस परत आणला. पुढच्या दहा वर्षांत चित्र साफ पालटलं. ६३६ साली यर्मूकच्या लढाईत अरबांनी याच हेराक्लियसच्या फौजांचा धुव्वा उडवला. शाम गेला, जेरुसलेम गेलं, मागोमाग मिसर, म्हणजे इजिप्त, गेला. तरी अरबी लेखकांनी त्याचं नाव बिघडवलं नाही. हदीसच्या परंपरेत पैगंबरांनी त्याला पाठवलेल्या पत्राची हकिगत आहे; तिथे तो ‘हिरक्ल’ आहे, रूमचा थोर अधिपती.

जिंकणारे ज्यांना रूम म्हणत, ते या जिंकणाऱ्यांना काय म्हणत होते? याचं उत्तर एका पावतीत मिळतं. ती पपायरसवरची आहे, ६४३ सालची, मिसरमधल्या हेराक्लिओपोलिस भागातली, आणि आज व्हिएन्नात जपलेली आहे. अरब फौजेचा एक सरदार, अब्दुल्ला बिन जाबिर, तिथल्या ख्रिस्ती अंमलदारांना लिहून देतो की सैन्याच्या पोटापाण्यासाठी ६५ मेंढ्या मिळाल्या. मजकूर वर ग्रीक, खाली अरबी. दोन्हींच्या आरंभी देवाचं नाव आहे; ‘बिस्मिल्ला’चं ग्रीक रूप लेखनिकाने सहज लिहून टाकलं आहे. ग्रीक मजकुरात त्या सैनिकांसाठी दोन नावं येतात, ‘साराकेनोइ’ आणि ‘मागारिताइ’. सरदाराचा हुद्दा ग्रीक अक्षरांत लिहिला आहे: अमीर. धर्मावरून पडलेलं नाव मात्र त्या पावतीत कुठेच नाही. पैगंबरांच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

‘मागारिताइ’ हे ‘मुहाजिर’ या अरबी शब्दाचं ग्रीक कानाने ऐकलेलं रूप: हिजरत करून आलेले, आपला गाव सोडून निघालेले. सीरियातल्या ख्रिस्ती लेखकांनी त्याचंच ‘म्हग्गराये’ केलं आणि त्यात त्यांना आणखी एक अर्थ सापडला. बायबलमध्ये अब्राहामाची दासी हागार, तिचा मुलगा इश्माएल, आणि अरब हे त्यांचे वंशज. म्हणजे म्हग्गराये म्हणजे हागारची लेकरं! एकाच ध्वनीत मुसलमानाला आपली हिजरत ऐकू येत होती आणि ख्रिस्ती माणसाला दासीपुत्राची कुळकथा.

‘साराकेनोइ’ची कथा त्याहून रंगतदार आहे. इंग्रजीतला ‘सारासेन’ तो हाच. हा शब्द इस्लामच्या कितीतरी आधीचा; दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात ‘साराकेने’ हा सिनाईकडचा प्रदेश आहे. पण आठव्या शतकातल्या दमास्कसच्या संत योहानाला या नावाचं वेगळं मूळ सापडलं. हागार देवदूताला म्हणाली की सारेने मला रिकाम्या हाताने घालवून दिलं. ‘सारा’ आणि ‘केनोस’, म्हणजे रिकामा, हे दोन ग्रीक शब्द जोडून ‘साराकेनोइ’ झाला, असं तो लिहितो. ही व्युत्पत्ती चूकच आहे. पण ती कुणी केली ते पाहण्यासारखं आहे. योहानाचं घराणं दमास्कसमध्ये खलिफांच्या खजिन्याचा कारभार पाहणारं. तो मुसलमानांच्या राजधानीत वाढला, नंतर जेरुसलेमजवळच्या मठात गेला आणि तिथे बसून ग्रीकमध्ये इस्लामवर टीका लिहीत राहिला. त्याच्या टीकेत राग आहे आणि माहितीही आहे. रोजचं उठणंबसणं असलेल्या माणसांविषयी लिहिताना येते, तशी ही माहिती.

आता सोन्याकडे येतो, कारण या दोन सत्तांचं नातं नाण्यांवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच. ‘दिनार’ हा शब्द अरबी वाटतो, पण तो रोमन ‘देनारियस’. मूळ देनारियस चांदीचा. पूर्वेकडे पोचेपर्यंत ते नाव सोन्याच्या नाण्याला मिळालं. ‘दिरहम’ म्हणजे ग्रीक ‘द्राख्मे’, इराणमार्गे आलेला. तांब्याचा ‘फल्स’ म्हणजे रोमन ‘फोलिस’. कुराणात दिनार आहे आणि यूसुफला विकल्याच्या कथेत दिरहमही आहेत. खलिफांचं राज्य उभं राहिलं तेव्हा बाजारात रूमचं सोनं आणि इराणची चांदी चालत होती, आणि बराच काळ ती तशीच चालू दिली गेली.

खलिफा अब्दुल मलिकच्या काळात हे बदललं. जेरुसलेममध्ये घुमटाची प्रसिद्ध वास्तू उभारणारा तो हाच. त्याच्या सुरुवातीच्या दिनारांवर हेराक्लियस आणि त्याच्या मुलांच्याच आकृत्या आहेत. फक्त क्रूसांचं रूप मोडलेलं. पाठीमागच्या बाजूला पायऱ्यांवर उभा असलेला मोठा क्रूस होता, त्याची आडवी दांडी काढून टाकली. उरला पायऱ्यांवरचा नुसता खांब. नंतर काही वर्षं तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा असलेला खलिफा नाण्यावर आला. आणि हिजरी ७७, म्हणजे ६९६-९७ साली, सगळ्या आकृत्या गेल्या. दोन्ही बाजूंना अरबी अक्षरं, अल्लाच्या एकत्वाची ग्वाही, आणि कडेने साल. चित्र गेलं, क्रूस गेला, वजनसुद्धा थोडं बदललं. नाव तेवढं राहिलं. त्या नाण्यावर ते स्पष्ट लिहिलेलं आहे: हा दिनार अमुक साली पाडला.

या कथेचा पुढचा भाग मला फार आवडतो. साधारण पाऊण शतकाने इंग्लंडातल्या मर्सिया राज्याचा ख्रिस्ती राजा ऑफा याने सोन्याचं एक नाणं पाडलं. ते बगदादच्या खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी १५७ सालच्या दिनाराची नक्कल आहे. अरबी येत नसलेल्या कारागिराने अक्षरं चित्रासारखी उतरवलेली, थोडी चुकलेली. मध्ये रोमन लिपीत ‘ऑफा राजा’ असं लिहिलंय, तेही अरबीच्या मानाने उलटं. त्या काळी जगभर चालेल असं सोनं पाडायचं म्हटलं की ते खलिफाच्या दिनारासारखं दिसायला हवं, एवढं त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे हे दोन्ही शब्द अरबांची वाट न पाहता आले. गुप्तांच्या लेखांत ‘दीनार’ आहे. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत ‘द्रम्म’ आहे, तो द्राख्मेच; त्याचाच पुढे ‘दाम’ झाला, दमडी झाली, आणि सावकाराच्या दामदुपटीत तो आजही राहतो. रत्नागिरीचा एखादा माणूस दुबईला नोकरीला जातो आणि तिथला पगार दिरहमांत घेतो, तेव्हा त्याच्या घरातला ‘दाम’ आणि त्याच्या पाकिटातला ‘दिरहम’ ही एकाच ग्रीक शब्दाची दोन लेकरं असतात.

दिनार-दिरहमांनी जेवढा प्रवास केला, त्याच्याहून चमत्कारिक प्रवास ‘रूम’ आणि ‘कैसर’, म्हणजे सीझर, या जोडीने केला. ७१७-१८ साली अरबांनी कॉन्स्टँटिनोपलला वेढा घातला आणि तो फसला. त्यानंतर वीसेक वर्षांनी काबूलच्या गादीवर एक तुर्की शाही राजा आला. त्याच्या नाण्यांवर बॅक्ट्रियन लिपीत नाव आहे ‘फ्रोमो केसारो’: रोमचा कैसर. काबूलच्या या राजांचंही अरबांशी वैर होतं, आणि त्यांना मागे हटवणाऱ्या दूरच्या सम्राटाचं नाव याने अभिमानाने लावलं असावं, असं अभ्यासक मानतात. हेच नाव पुढे तिबेटात ‘गेसर’ होऊन महाकाव्याचा नायक झालं, असंही त्यांचं मत आहे. जूलियस सीझरचं नाव तिबेटी शाहिरांच्या तोंडी!

एकोणिसाव्या शतकात तोच कैसर आणखी एका वाटेने आपल्याकडे आला. व्हिक्टोरिया राणी १८७७ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, तेव्हा तिच्यासाठी ‘कैसर-ए-हिंद’ हा किताब निवडला गेला. पंडिता रमाबाईंना १९१९ साली मिळालेलं पदक याच नावाचं. ब्रिटिशांनी रोमन सम्राटाचं नाव आणलं, पण ते अरबी-फारसी उच्चाराचं. हिंदुस्थानातल्या लोकांना ते त्याच रूपात ओळखीचं होतं.

पश्चिम युरोपचं काय? तिथे ‘रोमन कोण’ हा मोठ्या भांडणाचा विषय होता. ८०० साली नाताळच्या दिवशी रोममध्ये पोपने फ्रँक लोकांच्या राजाला, शार्लमेनला, सम्राटाचा मुकुट घातला. कॉन्स्टँटिनोपलच्या लेखी हा सरळ आगाऊपणा होता, कारण रोमन सम्राज्ञी तिथे गादीवर बसलेलीच होती. बगदादच्या हारून अल-रशीदला या वादाशी देणंघेणं नव्हतं. त्याने शार्लमेनला अबुल अब्बास नावाचा हत्ती भेट पाठवला, तो ८०२ साली आखेनला पोचला. कुरबुर मात्र शतकानुशतकं चालली. ९६८ साली पश्चिमेचा सम्राट ऑटो याचा वकील, क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद, कॉन्स्टँटिनोपलमध्ये असताना पोपचं पत्र घेऊन दूत आले. पत्रात ऑटोला रोमनांचा सम्राट म्हटलं होतं आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट निकेफोरसला ‘ग्रीकांचा सम्राट’. तेवढ्यावरून पोपच्या दूतांची रवानगी तुरुंगात झाली. दोन्ही बाजू ख्रिस्ती, दोघांचा क्रूस एकच. भांडण एका शब्दावरून.

या भांडणात मुसलमान लेखकांनी कायम एकाच बाजूचा शब्द वापरला, आणि तो बरोबर होता असं माझं मत आहे. त्यांच्या लेखी रूम म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. पश्चिमेकडचे ते ‘इफ्रंज’, म्हणजे फ्रँक. नववी-दहावी शतकं हा अरब भूगोलकारांचा बहराचा काळ, आणि त्यांच्या नकाशात आपला भागही येतो. ८५१ च्या सुमाराचा एक अरबी वृत्तान्त जगातले चार थोर राजे मोजतो: अरबांचा राजा, चीनचा राजा, रूमचा राजा, आणि बलहरा. बलहरा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचे राष्ट्रकूट. बलहराची ओळख तिथे कशी करून दिली आहे? तो कान टोचणाऱ्या लोकांचा राजा आहे.

हे वाचताना मराठी माणसाला आपला एक जुना शब्द आठवायला हवा. जुन्या मराठीत मुसलमानांना ‘अविंध’ म्हणत. तो ‘अविद्ध’ या संस्कृत शब्दावरून आला: ज्याचे कान टोचलेले नाहीत असा. अरब व्यापाऱ्याने दख्खनच्या माणसाकडे पाहिलं आणि त्याचे टोचलेले कान नोंदवले; दख्खनच्या माणसाने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचे न टोचलेले कान नोंदवले. दोघांनीही आधी कान पाहिला. अल-मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान वसलेले असल्याचं आणि झंझ शिलाहाराचं राज्य असल्याचं तो लिहितो. याच माणसाच्या ग्रंथात रूमच्या सम्राटांची आणि इफ्रंजच्या राजांची यादीही आहे. कोकणचं बंदर आणि शार्लमेनचं घराणं एकाच हाताने एकाच पुस्तकात लिहिलं गेलं, हे आपल्या शालेय इतिहासात यायला हवं होतं.

रूम आणि इफ्रंज यांतला भेद क्रुसेडच्या काळात धारदार झाला. १०९५ साली पोपने हाक दिली आणि १०९९ मध्ये जेरुसलेम क्रुसेडरांच्या हाती गेलं. ते जर्मनीचे होते, इटलीचे होते, फ्रान्सचे होते. अरबीत सगळे मिळून एकच, ‘फिरंज’. १२०४ साली याच फिरंजांनी वाट वाकडी करून कॉन्स्टँटिनोपल लुटलं. त्या लुटीत होरपळलेला ग्रीक इतिहासकार निकेतास खोनियातेस लिहितो, त्याचा आशय असा की सारासेनांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा ते याहून दयेने वागले होते. रूमवर सगळ्यात मोठा घाव मुसलमानांच्या हातून पडला नाही, फिरंग्यांच्या हातून पडला.

सगळीकडे मात्र तलवारच चालली असं नाही. सिसिलीत नॉर्मन राजा दुसरा रॉजर अल-इद्रीसीकडून जगाचा भूगोल लिहवून घेत होता. तो ११५४ मध्ये पुरा झाला. रॉजरच्या राजवस्त्राच्या कडेने अरबी लेख भरलेला आहे, त्यात हिजरी साल आहे, आणि पुढे पवित्र रोमन सम्राट राज्याभिषेकाला तेच वस्त्र अंगावर घेत. रॉजरच्या आरमाराचा प्रमुख जॉर्ज अंटिओकचा ख्रिस्ती होता, आणि त्याचा हुद्दा होता ‘अमिरातुस अमिरातोरुम’, म्हणजे अमीरांचा अमीर. मेंढ्यांच्या त्या पावतीवरचा अमीर असा समुद्रावर गेला आणि युरोपच्या भाषांमध्ये ‘ॲडमिरल’ झाला. मराठीत तो दोन वाटांनी आला आहे. फारसीतून अमीर आणि त्याचं अनेकवचन ‘उमरा’, आपला उमराव. आणि इंग्रजीतून मुंबईच्या गोदीत ॲडमिरल.

तोफओत्या महंमद बिन हसनकडे जायला आता मधला एकच टप्पा उरतो. १०७१ साली मंझिकर्तला सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने रूमचा सम्राट रोमानस याला कैद केलं आणि तुर्क अनातोलियात पसरले. त्यांनी तिथे जे राज्य उभं केलं त्याचं नाव ‘रूमची सल्तनत’, राजधानी कोन्या. देश जिंकला तरी देशाचं नाव तेच. बल्खकडून आलेला जलालुद्दीन कोन्यात राहिला म्हणून तो ‘रुमी’ झाला; फारसीच्या त्या थोर कवीच्या नावाचा अर्थही ‘रोमचा’ असाच आहे. १४५३ मध्ये उस्मानी सुलतान महंमदाने कॉन्स्टँटिनोपल घेतलं आणि ‘कैसर-ए-रूम’ ही पदवी स्वतःला लावली. तेव्हापासून रूम म्हणजे तुर्कांचं राज्य आणि रुमी म्हणजे तिकडून आलेला माणूस. तोफा ओतण्यात आणि डागण्यात या लोकांचा हातखंडा असल्यामुळे दख्खनच्या आणि गुजरातच्या सुलतानांना ते हवे असत.

पोर्तुगीज आले ते याच रुमींच्या धास्तीत. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत मिसरच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉयच्या मुलाला, लॉरेन्सो द अल्मेइदाला, मारलं. बापाने पुढच्या साली दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. पोर्तुगीज कागदांत या शत्रूंचं नाव आहे ‘रुमेस’. आणि किनाऱ्यावरच्या बाकी मुसलमानांना ते म्हणत ‘मोउरो’, म्हणजे मूर. हे नाव आफ्रिकेतल्या मॉरेतानिया या रोमन प्रांतावरून आलेलं. लॅटिनच्या पोटी जन्मलेली भाषा बोलणारे, रोमच्या पोपला मानणारे पोर्तुगीज अरबी समुद्रावर ज्यांच्याशी लढत होते, त्यांना रोमची नावं देत होते. आणि या पोर्तुगिजांना आपले लोक म्हणत होते फिरंगी, फ्रँक, जे ते कधीच नव्हते.

मराठीने या बाबतीत तर कमाल केली आहे. ‘यवन’ हा शब्द आयोनियाचा. पाणिनीच्या काळी तो ग्रीकांसाठी होता. मध्ययुगीन मराठीत यवन म्हणजे मुसलमान. ‘रुमी’ रोमचा, आणि तोही मुसलमान. युनानी वैद्यकातला ‘युनान’ पुन्हा तोच आयोनिया, अरबीमार्गे परत आलेला. फिरंगी हा शब्द माणसावरून वस्तूवर गेला: युरोपी पात्याची सरळ तलवार ती फिरंग. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या संस्कृत वैद्यकग्रंथात ‘फिरंग रोग’ आला, म्हणजे उपदंश. १६६० साली शाइस्ताखानाविरुद्ध चाकणचा किल्ला झुंजवणाऱ्या फिरंगोजी नरसाळ्यांच्या नावातही तोच ध्वनी ऐकू येतो. हे शब्द एका धर्माकडून दुसऱ्या धर्माकडे इतक्या सहज सरकतात, याचं कारण ते धर्माचे नव्हतेच. माणूस कुठल्या दिशेने आला, कुणाच्या राज्यातला आहे, कानांत काय घालतो, हातात कुठलं हत्यार धरतो, यावरून ती नावं पडली. आज आपण त्या काळाकडे पाहतो तेव्हा एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोर मांडून बसतो. धर्माचा अभिमान आणि द्वेष दोन्ही त्या काळी होतेच, पण रोजच्या व्यवहारात एकमेकांना हाक मारताना त्यांनी वापरलेले शब्द फार वेगळे होते.

मराठीत रूमच्या नावाला एक जोडीदार मिळाला: ‘रूमशाम’. रूम आणि शाम, म्हणजे तुर्कस्तान आणि सीरिया. जुन्या मराठी लिखाणात ‘रूमशामचा बादशहा’ येतो तो इस्तंबूलचा सुलतान. यर्मूकच्या लढाईने जे दोन मुलूख एकमेकांपासून तुटले, ते मराठीने एका शब्दात जोडले. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी ‘रुमी मस्तकी’ही याच मुलखाची. ग्रीसच्या खिओस बेटावरच्या झाडांचा तो डिंक. ‘मस्तकी’ हा शब्दही ग्रीकच. आपल्याकडे त्याहून जुना एक रोम आहे, संस्कृतातला. सहाव्या शतकात वराहमिहिराने ज्या पाच ज्योतिषसिद्धांतांचा सारांश लिहिला त्यांतला एक ‘रोमक सिद्धांत’. म्हणजे मराठीच्या घरात रोमक, रूम आणि रोम अशी तीन नावं नांदतात: पहिलं ग्रहगणितातून आलं, दुसरं घोड्यांच्या आणि तोफांच्या सोबत, तिसरं शाळेच्या नकाशातून.

आता ‘बायझंटाईन’. हे नाव रूमच्या साम्राज्याने स्वतःला कधी लावलं नाही. ते बुडून शतक उलटल्यावर, १५५७ साली, हिएरोनिमुस वोल्फ या जर्मन पंडिताने आपल्या ग्रंथाच्या नावात ते वापरलं. कॉन्स्टँटिनोपलच्या जागी आधी बायझँटियन नावाचं गाव होतं, त्यावरून. पुढे युरोपी इतिहासकारांनी ते उचलून धरलं. निकेफोरसने ज्या अपमानासाठी दूत कोठडीत टाकले, तो शेवटी असा पचनी पडला. ज्यांचं नाव काढून घेतलं गेलं ते मात्र ते विसरले नाहीत. १९१२ साली ग्रीक आरमाराने लेम्नोस बेट घेतलं, तेव्हा सैनिकांना पाहायला आलेल्या तिथल्या मुलांनी आपण हेलेनीस नसून रोमन आहोत असं सांगितल्याची आठवण त्याच बेटावर जन्मलेल्या पीटर खारानिस या इतिहासकाराने नोंदवली आहे. तुर्की भाषा आजही ग्रीस देशातल्या माणसाला ‘युनान’ म्हणते आणि इस्तंबूलच्या किंवा सायप्रसच्या ग्रीकाला ‘रूम’. दमास्कसमध्ये ज्यांचं पीठ आहे ते अरबी बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती स्वतःला ‘रूम’च म्हणवतात.

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशी नोंदींत ‘बायझंटाईन साम्राज्य’ असंच छापलं जातं. मराठीत या साम्राज्याला त्याच्या स्वतःच्या नावाशी इमान राखणारा शब्द निदान चारपाचशे वर्षांपासून आहे. अहमदनगरच्या भट्टीत तो तोफेवर कोरला गेला, आणि काष्ठौषधीच्या दुकानात तो अजून मिळतो. ‘रूमचं साम्राज्य’ असं लिहावं, आणि पहिल्यांदा वापरताना एक तळटीप द्यावी, म्हणजे झालं.